सहा जणांचे पैसे, सात जणांचा बँड



जुलै १९६२. लंडनमधल्या एका बँडला बीबीसी रेडिओचं बोलावणं आलं. कार्यक्रमाचं नाव ‘जॅझ क्लब’, देशभर ऐकला जाणारा. अडचण एकच होती. बँडमध्ये सात जण, आणि बीबीसी पैसे देणार सहा जणांचे. म्हणजे एकाला घरी बसवायचं. कोणाला? तर त्या पोराला, जो काही वाजवत नव्हता, नुसता गायचा, आणि तेही रात्रभरात मोजकीच गाणी. अर्थशास्त्राच्या कॉलेजात शिकणारा, एकोणीस पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी असलेला मुलगा. नाव मिक जॅगर.

हो, तोच. पण आजचा भाग त्याच्यावर नाही. त्याच्यावर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत, यूट्यूबवर तर ढिगाने आहे. आपण बोलणार आहोत त्या बँडबद्दल, ज्यातून त्याला एका रात्रीपुरतं वगळणं कोणालाच फार जड गेलं नाही. कारण त्या बँडमध्ये कोण आहे आणि कोण नाही, हे तसंही दर आठवड्याला बदलत होतं.

बँडचं नाव ब्लूज इनकॉर्पोरेटेड. नावातच थट्टा आहे बघा. ‘इनकॉर्पोरेटेड’ म्हणजे रीतसर नोंदलेली कंपनी. आणि ही कंपनी अशी, की जिच्यात कायमचा कर्मचारी जवळपास कोणी नाही. मराठीत आपण ‘अमुक आणि मंडळी’ म्हणतो ना, त्यातला हा ‘आणि मंडळी’ भाग. ढोल-ताशा पथकात वाजवलं असेल तर लगेच कळेल. यंदा कोणाची परीक्षा, कोणाची नोकरी, कोणी दुसऱ्या पथकात गेलं. माणसं बदलतात, पथकाचं नाव तेच राहतं, आणि मिरवणुकीत कोणाला फरक जाणवत नाही. तसंच काहीसं.

आता थोडं मागे जाऊ, कारण हे संगीत लंडनचं नाहीच. आज आपल्या प्लेलिस्टमध्ये ‘आर अँड बी’ म्हटलं की गुळगुळीत, मऊ आवाजातली प्रेमगीतं आठवतात. तेव्हा अर्थ वेगळा होता. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या विक्रीची यादी ‘बिलबोर्ड’ मासिक वेगळी छापायचं, आणि तिचं नाव होतं ‘रेस रेकॉर्ड्स’. म्हणजे सरळ सरळ वंशावरून. १९४९मध्ये त्यांनी ते बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. त्या एका नावाखाली बरंच काही आलं, पण लंडनच्या पोरांना त्यातलं वेड लागलं ते शिकागोच्या ब्लूजचं. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवरून शिकागोच्या कारखान्यांत गेलेले लोक, तिथल्या गोंगाटाच्या बारमध्ये आवाज पोचावा म्हणून गिटारला वीज जोडलेली, माऊथ ऑर्गन माईकला चिकटवून वाजवलेला, मागे ड्रम. ह्यातला राजा मडी वॉटर्स. तोही १९४३ला मिसिसिपीहून शिकागोला आलेला.

मग हे इंग्लंडात कसं ऐकायचं? आज बोट फिरवलं की गाणं लागतं, तेव्हा प्रत्यक्ष ऐकणंच दुर्मीळ होतं. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या वादक संघटनांच्या भांडणामुळे तिसाव्या दशकाच्या मध्यापासून पुढची सुमारे वीस वर्षं अमेरिकन बँडना ब्रिटनमध्ये वाजवणं जवळपास बंदच होतं. एकटा गायक गिटार घेऊन आला तर तो ‘मनोरंजन करणारा’ ह्या सदरात आत यायचा, कारण कागदोपत्री तो वादक नव्हे! असा १९५१मध्ये बिग बिल ब्रून्झी आला. बाकी भिस्त रेकॉर्डवर. त्या महाग, दुकानात मिळायच्या नाहीत. जॅगर थेट शिकागोच्या चेस कंपनीला पत्र लिहून रेकॉर्ड मागवायचा. १९६१च्या ऑक्टोबरमध्ये डार्टफर्ड स्टेशनवर त्याच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स दिसले, म्हणून लहानपणीचा ओळखीचा कीथ रिचर्ड्स त्याच्याशी बोलायला थांबला. तेव्हा रेकॉर्ड म्हणजे ओळखपत्रच होतं.

ह्या सगळ्यात मध्यभागी एक माणूस होता. अलेक्सिस कॉर्नर. आडनाव कॉर्नर, आणि खरोखरच सगळे ह्याच कॉर्नरवर येऊन भेटायचे. जन्म १९२८, पॅरिसमध्ये. वडील ऑस्ट्रियन ज्यू, आई ग्रीक. १९४०मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, कुटुंब लंडनला आलं. जर्मन विमानांचे हल्ले चालू असताना त्याने जिमी यान्सी ह्या शिकागोच्या पियानोवादकाची रेकॉर्ड ऐकली, आणि त्यानंतर आपल्याला फक्त असंच वाजवायचं होतं, असं तो पुढे सांगायचा. बाहेर बॉम्ब, आत पियानो. कोणत्याही देशाचा पुरता न झालेला हा मुलगा आपलं म्हणून एक संगीत निवडतो, तेही समुद्रापलीकडच्या लोकांचं. त्याने पुढे बँडचं दार कधीच बंद केलं नाही त्याचं मूळ इथे असावं असं मला वाटतं. हा माझा तर्क, पटला तर घ्या.

त्याचा जोडीदार अगदी उलट्या मातीचा. सिरिल डेव्हिस, १९३२चा जन्म, पेशाने पॅनल बीटर. आपल्या भाषेत, गाड्यांच्या डेंटिंगचं काम. लंडनच्या साउथ हॅरोमध्ये त्याचं गॅरेज होतं. दिवसा चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे आणि रात्री बारा तारांची गिटार किंवा माऊथ ऑर्गन. माऊथ ऑर्गन म्हटलं की आपल्याला पिकनिकच्या बसमधला काका आठवतो. डेव्हिसचा तसा नव्हता. त्याचा आवाज जाड, धारदार, थोडा रागावलेला.

ह्या दोघांनी सोहो भागातल्या वॉर्डर स्ट्रीटवर, राउंडहाउस नावाच्या पबच्या वरच्या खोलीत, १९५७मध्ये एक ब्लूज क्लब सुरू केला. सुरुवातीला येणारे तुरळक. पण अमेरिकेतून जो ब्लूज गायक लंडनला यायचा, तो तिथे डोकावायचाच. ब्रून्झी आला, मेम्फिस स्लिम आला. १९५८मध्ये खुद्द मडी वॉटर्स आला. त्याला इंग्लंडमध्ये आणला होता क्रिस बार्बर ह्या जॅझवाल्याने. मडीने शिकागोच्या सवयीने ॲम्प लावून गिटार वाजवली आणि काही समीक्षकांचे कान बसले. त्यांना ब्लूज म्हणजे ओसरीवर बसून लाकडी गिटारवर म्हणायची दुःखी गाणी वाटत होती. गंमत पुढे आहे. काही वर्षांनी मडी पुन्हा आला तो ह्या लोकांचं मन राखायला साधी गिटार घेऊन, आणि तोवर इथली पोरं ‘इलेक्ट्रिक कुठंय?’ विचारायला लागली होती.

मधल्या काळात पोरांचं मत बदललं ते बरंचसं ह्या दोघांमुळे. डेव्हिस आणि कॉर्नरनेही ॲम्प लावले. त्याचा परिणाम असा, की राउंडहाउसमधून त्यांना बाहेर पडावं लागलं. आवाज फार होतो! सोहोच्या जॅझ क्लबांतही त्यांना जागा नव्हती. त्या वर्षांत लंडनमध्ये ‘ट्रॅड जॅझ’ची लाट होती, न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझची ब्रिटिश आवृत्ती, आणि तिथल्या शुद्धतावाद्यांना विजेची गिटार म्हणजे रॉक अँड रोलचा थिल्लरपणा वाटायचा.

म्हणून मग ईलिंग. नकाशावर बघा, शहराच्या पार पश्चिमेला. लंडनलाही सेंट्रल लाईन आहे बरं का, आणि ईलिंग ब्रॉडवे हे तिच्या एका फाट्याचं शेवटचं स्टेशन. म्हणजे मुंबईतली सगळी नाटकं शिवाजी मंदिरात चालू असताना कोणी बदलापूरला प्रयोग लावावा, तसं. स्टेशनसमोर दुकानांच्या मधली एक बोळ, तिथून खाली उतरणाऱ्या पायऱ्या, आणि चहाच्या दुकानाखालचं तळघर. क्लब चालवणारा इराणहून शिकायला आलेला एक तरुण. १७ मार्च १९६२, शनिवार. तिथे ब्लूज इनकॉर्पोरेटेडचा पहिला कार्यक्रम झाला.

तळघर इतकं कोंदट होतं, की गर्दी झाली की घामाची वाफ छताला लागायची आणि थेंब बनून खाली पडायची. खाली काय? तर विजेच्या तारा आणि ॲम्प. म्हणून स्टेजवर ताडपत्री ताणलेली असायची. आपल्याकडे पावसाळ्यात मंडपावर टाकतात तशी, फक्त पाऊस आतलाच. ह्या संगीताचा ब्रिटनमधला पहिला नियमित अड्डा हा असा होता.

बँडची रचना बघा. कॉर्नर गिटारवर, डेव्हिस माऊथ ऑर्गनवर आणि गायला. ड्रमवर चार्ली वॉट्स, एक अबोल ग्राफिक डिझायनर. कॉर्नरने बोलावलं तेव्हा तो नोकरीसाठी डेन्मार्कला चालला होता, परत आल्यावर बँडमध्ये आला. सॅक्सोफोनवर डिक हेक्स्टॉल-स्मिथ, केंब्रिजचा पदवीधर आणि मुळातला जॅझवाला. बासवर पहिल्या काही कार्यक्रमांनंतर जॅक ब्रूस आला, ग्लासगोचा. तो संगीताच्या कॉलेजात सेलो शिकत होता आणि जॅझ वाजवण्यावरून तिथे खटके उडाले म्हणून बाहेर पडलेला. गायला आर्ट वुड, नंतर लाँग जॉन बाल्ड्री. हा खरोखरच लाँग, सहा फूट सात इंच. त्या तळघरात त्याला सरळ उभं राहता येत होतं का देव जाणे!

म्हणजे डेंटिंगवाला, डिझायनर, केंब्रिजवाला, सेलोवाला. ह्यांना एकत्र बांधणारं काहीच नव्हतं. रिहर्सल जवळपास नाहीच. पण ब्लूजची एक सोय आहे आणि ती समजली की हा बँड कसा चालायचा ते समजतं. बहुतेक ब्लूज गाणी बारा मात्राखंडांच्या एकाच साच्यावर चालतात. इंग्रजीत त्यांना बार म्हणतात. पहिले चार बार घरच्या स्वरावर, मग चौथ्या स्वराकडे जाऊन परत घरी, मग पाचव्यावरून फिरून पुन्हा घरी. पट्टी सांगितली, लय दिली, की साचा माहीत असलेला कोणीही मध्येच शिरू शकतो. आपल्याकडे भजनाला चाल आणि ठेका माहीत असला की गावात नवा आलेला माणूसही टाळ घेऊन बसतो ना? त्याला कोणी आधी नोटेशन देत नाही.

कॉर्नरने ह्या सोयीचं धोरण करून टाकलं. मधल्या वेळात प्रेक्षकांतल्या पोरांना वर बोलवायचं. वाजवता येतं? ये, वाजव. ही बातमी शनिवारागणिक पसरत गेली. ब्रायन जोन्स नावाचा पोरगा दीडेकशे किलोमीटरवरच्या चेल्टनहॅमहून यायचा. तिथे कॉर्नर वाजवायला गेलेला असताना ह्याने त्याला गाठलं होतं. न्यूकॅसलहून एरिक बर्डन लिफ्ट मागत यायचा. लंडनमध्ये राहायला जागा नाही? कॉर्नरच्या घरी जमिनीवर झोपा. त्याच्या बायकोचं, बॉबीचं नाव ह्या इतिहासात कमी येतं, पण रात्री-अपरात्री घरी आलेल्या ह्या फौजेचं तिने काय काय निभावलं असेल, विचार करा.

७ एप्रिलला, म्हणजे क्लब सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी, जॅगर आणि रिचर्ड्स पहिल्यांदा ईलिंगला आले. स्टेजवर ब्रायन जोन्स ‘एल्मो लुईस’ हे टोपणनाव लावून बोटात नळी घालून स्लाईड गिटार वाजवत होता. रिचर्ड्सला आपल्याच वयाचा इंग्लिश पोरगा असं वाजवताना बघून धक्काच बसला. आणि मागे ड्रमवर कोण? चार्ली वॉट्स. म्हणजे ज्या चौघांना जग पुढे रोलिंग स्टोन्स म्हणून ओळखणार, ते त्या रात्री एका तळघरात होते, आणि एकत्र बँड काढायचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. दोघे प्रेक्षक, एक पाहुणा, एक ड्रमर.

जॅगरने नंतर कॉर्नरला आपली टेप पाठवली, आणि थोड्याच दिवसांत तो अधूनमधून गाऊ लागला. मे महिन्यात बँडला शहराच्या मध्यात जागा मिळाली. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा मार्की क्लब, दर गुरुवारी. हा मुळात जॅझवाल्यांचा क्लब. पण पोरं नाचायला यायला लागली, गल्ला दिसायला लागला, आणि शुद्धतावाद जरा मागे सरला. गल्ला दिसला की तो सरतोच.

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे या. १२ जुलै हा गुरुवारच होता. बँड बीबीसीत, तर मार्की रिकामा कसा ठेवणार? म्हणून बाल्ड्रीला मार्कीवर ठेवलं, आणि वगळलेल्या जॅगरने रिचर्ड्स, जोन्स, पियानोवाला इयान स्टुअर्ट, बासवाला डिक टेलर अशी माणसं जमवली. नाव हवं म्हणून मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून ‘रोलिन स्टोन्स’ ठेवलं. जगातल्या सगळ्यात जास्त काळ चाललेल्या रॉक बँडांपैकी एकाचा हा पहिला कार्यक्रम. दुसऱ्याच्या जागेवर, बदली म्हणून. चार्ली वॉट्स त्यांच्याकडे गेला तो जानेवारी १९६३मध्ये.

इथे थांबून एक विचारतो. असा सैल बँड असण्याचा तोटा काय? तोटा हा, की तो पकडता येत नाही. त्यांचा पहिला एलपी बघा. नाव ‘आर अँड बी फ्रॉम द मार्की’. ८ जून १९६२ला रेकॉर्ड झाला, नोव्हेंबरमध्ये डेक्का कंपनीच्या स्वस्त लेबलवर बाजारात आला. आणि तो मार्कीत रेकॉर्ड झालेलाच नाही! डेक्काच्या वेस्ट हॅम्पस्टेडच्या स्टुडिओत झाला. त्यावर चार्ली वॉट्स नाही, ड्रमर क्रिस बार्बरच्या बँडमधून उसना आणलेला. जॅक ब्रूस नाही. जॅगर तर नाहीच. म्हणजे ज्या वर्षामुळे हा बँड इतिहासात गेला, त्या वर्षीचा त्यांचा एलपी ऐकला तर प्रसिद्ध झालेली बहुतेक नावं त्यात सापडत नाहीत. ईलिंगच्या शनिवारी खरोखर काय वाजत होतं, ते ह्या तबकडीवरून कळणं कठीण.

तरी ऐकण्यासारखं त्यात एक आहे, डेव्हिस. मडी वॉटर्सच्या भांडारातली गाणी तो त्यात गातो, वाजवतो, आणि बाकीचे जरा नम्रपणे मागे चाललेत असं वाटतं.

आणि नेमका तोच आधी गेला. भांडण तत्त्वाचं होतं. कॉर्नरला बँड जॅझकडे वाढवायचा होता. अजून सॅक्सोफोन हवे, ग्रॅहम बाँडसारखा सुटा वादक हवा, चार्ल्स मिंगससारखं काही करून बघू. डेव्हिसला हे नामंजूर. त्याच्या मते ब्लूज म्हणजे शिकागो. गिटार, पियानो, बास, ड्रम, माऊथ ऑर्गन, बस्स. सॅक्सोफोनवाल्यांचं आणि त्याचं कधी जमलंच नाही. आपल्याकडे घराण्यांवरून जशी जुंपते तशीच ही. एक म्हणतो गायकी शुद्ध ठेवा, दुसरा म्हणतो जे चांगलं वाटलं ते घ्या. १९६२च्या शेवटी डेव्हिस बाहेर पडला आणि स्वतःचा ‘ऑल-स्टार्स’ काढला. बाल्ड्रीही तिकडे गेला.

मंडळी, ह्या भांडणात बहुतेक लोक कॉर्नरची बाजू घेतात, कारण पुढचा इतिहास त्याच्या बाजूने गेला. मला डेव्हिसबद्दल जास्त वाटतं. ज्यांचं संगीत होतं त्या शिकागोवाल्यांचं जसंच्या तसं वाजवावं, स्वतःची अक्कल त्यात घुसडू नये, ही त्याची हट्टी निष्ठा होती. १९६३मध्ये त्याने ‘कंट्री लाईन स्पेशल’ ही रेकॉर्ड काढली. आगगाडीसारखा धावणारा माऊथ ऑर्गन. माझ्या मते कॉर्नरच्या तेव्हाच्या कुठल्याही रेकॉर्डपेक्षा ती सरस आहे. जानेवारी १९६४मध्ये डेव्हिस वारला. वय एकतीस. त्याचा बँड बाल्ड्रीने सांभाळला, नाव बदललं, आणि ट्विकनहॅम स्टेशनवर माऊथ ऑर्गन वाजवत बसलेल्या एका पोराला गायला घेतलं. तो रॉड स्टुअर्ट.

तिकडे कॉर्नरच्या बँडची गळती चालूच. वॉट्सच्या जागी जिंजर बेकर आला होता. कसलेला जॅझ ड्रमर, आपल्यापेक्षा सरस आहे हे वॉट्सनेच मान्य केलेलं. मग १९६३मध्ये ग्रॅहम बाँड निघाला आणि जाताना ब्रूस आणि बेकर दोघांना घेऊन गेला. बँडचा अर्धा संसारच उचलून नेला म्हणा ना. ब्रूस आणि बेकर एकमेकांचा मनापासून द्वेष करायचे आणि तरी १९६६मध्ये एरिक क्लॅप्टनबरोबर ‘क्रीम’मध्ये पुन्हा एकत्र आले. बाँडच्या त्या नव्या बँडमध्ये काही काळ गिटारवर होता जॉन मॅक्लॉफलिन. आता हे नाव तुम्ही ऐकलेलं असणार. पुढे सत्तरच्या दशकात ह्याच मॅक्लॉफलिनने माहीमच्या झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम ह्यांच्याबरोबर ‘शक्ती’ काढला. ईलिंगच्या ओल्या तळघरातून माहीमपर्यंतचा धागा ओढूनताणून जोडलेला नाही, वादकांच्या पावलांनी चालत आलेला आहे.

कॉर्नरने काय केलं? नवी माणसं घेतली. त्याचे पुढचे गायक मात्र वेगळे होते. रॉनी जोन्स आणि हर्बी गॉइन्स, दोघे कृष्णवर्णीय अमेरिकन, अमेरिकन सैन्यदलाच्या नोकरीमुळे युरोपात आलेले. जोन्स तर हवाई दलाच्या तळावरून गायला यायचा. बँड आता वॉर्डर स्ट्रीटच्या फ्लेमिंगो क्लबमध्ये वाजवू लागला होता. तिथे रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांना कॅरिबियन बेटांवरून लंडनला आलेले लोक आणि अमेरिकन सैनिक गर्दी करायचे. ईलिंगच्या गोऱ्या कॉलेजकुमारांपेक्षा ह्या लोकांचा त्या संगीतावर हक्क मोठा, आणि कानही पक्का. मला ब्लूज इनकॉर्पोरेटेडची ही वर्षं जास्त रंजक वाटतात. पण त्यातून कोणी स्टेडियम भरणारा तारा निघाला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल फार लिहिलं जात नाही.

पैशाचं काय? दार उघडं ठेवणाऱ्याला भाडं कोणी देत नाही. ज्या काळात त्याच्या स्टेजवर उभी राहिलेली पोरं अमेरिकेत विमानतळांवर किंचाळणाऱ्या गर्दीतून वाट काढत होती, त्या काळात कॉर्नर ‘फाइव्ह ओ’क्लॉक क्लब’ ह्या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात घरचा बँड म्हणून वाजवत होता. त्याची तेव्हाची बास आणि ड्रमची जोडी, डॅनी थॉम्पसन आणि टेरी कॉक्स, तीही पुढे निघून गेली आणि ‘पेंटँगल’मध्ये नावाजली. १९६६मध्ये ब्लूज इनकॉर्पोरेटेड संपला. म्हणजे निरोपाचा कार्यक्रम वगैरे काही नाही. ज्याची हजेरीच कधी पक्की नव्हती, तो बँड संपला हे ठरवायचं तरी कसं!

कॉर्नरची सवय मात्र गेली नाही. १९६८मध्ये तो रॉबर्ट प्लांट नावाच्या, तेव्हा कोणाला माहीत नसलेल्या गायकाबरोबर रेकॉर्डिंग करत होता. काही महिन्यांत प्लांट लेड झेपेलिनमध्ये गेला. ‘फ्री’ ह्या बँडला नाव सुचवणारा कॉर्नरच. आणि अखेर १९७०मध्ये त्याला स्वतःलाही हिट मिळालं. सीसीएस नावाच्या मोठ्या ताफ्याबरोबर वाजवलेलं ‘होल लॉटा लव्ह’. गाणं कोणाचं? लेड झेपेलिनचं. पण जरा थांबा. झेपेलिनने त्या गाण्यात मडी वॉटर्सने गायलेल्या, विली डिक्सनने लिहिलेल्या एका गाण्याचे शब्द उचलले होते. डिक्सनने पुढे दावा लावला, तो १९८७मध्ये तडजोडीने मिटला, आणि मग त्याचं नाव श्रेयात आलं. शिकागोतून निघालेलं गाणं लंडनच्या तळघरातल्या हातांतून फिरत फिरत लाखोंनी विकलं गेलं, आणि ज्याचे शब्द, त्याला श्रेयासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. ईलिंगच्या कहाणीत हेही धरावं लागतं. कॉर्नर आणि डेव्हिस स्वतः मात्र हे कोणाचं संगीत आहे ते नाव घेऊन सांगायचे, आणि ते लोक लंडनला आले की त्यांना स्टेज द्यायचे.

कॉर्नर बीबीसीवर रेडिओ कार्यक्रमही करायचा. खर्जातला, सिगारेटने भाजलेला आवाज. १ जानेवारी १९८४ला फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, पंचावन्नाव्या वर्षी.

ऐकायचं कसं, ते सांगतो आणि थांबतो. आधी ‘कंट्री लाईन स्पेशल’, हेडफोन लावून, आणि फक्त माऊथ ऑर्गनकडे लक्ष द्या. मग ‘आर अँड बी फ्रॉम द मार्की’. मग मडी वॉटर्सची मूळ गाणी लावा, म्हणजे डेव्हिस कशासाठी भांडत होता ते कानाला कळेल. आणि शेवटी ‘रॉकेट ८८’ नावाचा अल्बम शोधा. १९७९मध्ये जर्मनीत, हॅनोव्हरला लोकांसमोर रेकॉर्ड झालेला. स्टोन्सच्या इयान स्टुअर्टने बुगी-वुगी पियानोच्या हौसेपोटी हा ताफा जमवला होता. कायमची माणसं नाहीत, ज्याला जमेल तो येणार. पियानोवर स्टुअर्ट, बासवर जॅक ब्रूस, ड्रमवर चार्ली वॉट्स, आणि गिटारवर अलेक्सिस कॉर्नर. सतरा वर्षांपूर्वीच्या ईलिंगच्या तळघरातलीच ही माणसं. वॉट्स तोवर जगातल्या सगळ्यात श्रीमंत बँडांपैकी एकाचा ड्रमर झालेला आहे, पण वाजवतोय असा, जसा शनिवारी रात्री शेवटची ट्रेन पकडून परत जायचंय.

भेटू पुढच्या भागात.